नफा मोजताना घरातली माणसं मोजली का?



आज मार्केटिंगवर बोलायचं नाही, भांडवलावर नाही आणि ऑनलाइन ऑर्डरवरही नाही. आज मला माझीच एक चूक दुरुस्त करायची आहे. मी ती बऱ्याच व्हिडिओंमध्ये केली आहे आणि तुमच्यापैकी काहींनी माझ्यावर विश्वास ठेवून ती वहीत उतरवूनही घेतली असेल.

प्रत्येक नव्या बॅचला मी अभिमानाने सांगत आलो की वारज्यातलं माझं पहिलं दुकान, झेरॉक्स आणि स्टेशनरीचं, पहिल्याच वर्षी नफ्यात आलं. सव्वा लाखाच्या वर शिल्लक होती. आकडा खोटा नव्हता, पण त्याला मी दिलेलं 'नफा' हे नाव खोटं होतं.

त्या दुकानात मी मदतनीस ठेवला नव्हता. नऊ हजार रुपये पगार कशाला द्यायचा? वडील नुकतेच रिटायर झाले होते. "घरी बसून काय करणार? गल्ल्यावर बसा जरा," असं मी त्यांना म्हटलं. ते 'जरा' सकाळी नऊ ते रात्री आठ झालं. वडिलांना शुगर होती. दर तीन महिन्यांची तपासणी आधी पुढे ढकलली, मग विसरली गेली, कारण सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं म्हणजे दुकान कोण उघडणार? पायाला चप्पल लागून फोड आला. त्यांनी आठवडाभर सांगितलंच नाही. मला परीक्षेचा सीझन चालू होता, मी विचारलं नाही. शेवटी त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

दवाखान्याचं बिल घरच्या एफडीतून भरलं. दुकानाच्या वहीत त्याचा एक रुपयाही लागला नाही. म्हणून वही सांगत राहिली, नफा! वडिलांचा वर्षाचा पगार धरला असता तर एक लाख आठ हजार झाला असता. म्हणजे त्या सव्वा लाखातून हातात राहिले असते वीस-बावीस हजार. आणि त्यात माझी स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही. वडिलांनी मला यावरून कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून माझं आजचं म्हणणं साधं आहे. घरातल्या माणसांचे कष्ट, घराची जागा आणि तब्येत फुकट धरून जो आकडा उरतो, तो नफा नाही. ते घराने धंद्याला दिलेलं कर्ज आहे. आणि हे कर्ज वाईट, कारण त्याचा हप्ता मागायला कोणी येत नाही.

सकाळी वारजे पुलाजवळच्या मजूर अड्ड्यावरून कधी गेलात तर थोडं थांबून बघा. हातात डबा घेऊन उभा असलेला माणूस गाडीत बसायच्या आधी हजेरी ठरवतो. काम काय, किती वाजेपर्यंत, पैसे किती. त्याच्याकडे ना दुकान आहे ना बोर्ड, पण आपल्या दिवसाची किंमत त्याला माहीत आहे. आता मला सांगा, तुमच्या स्वतःच्या एका दिवसाची किंमत तुमच्या वहीत कुठे लिहिली आहे?

एक उदाहरण घेऊ. माळवाडीत पोळी-भाजीचे डबे देणारं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. आकडे मी थोडे गोल केले आहेत. रोज ७५ डबे, ८० रुपये डबा, महिन्याचे तीसही दिवस. विक्री १,८०,००० रुपये. किराणा, भाजी, तेल, गॅस ९६,०००. गाळ्याचं भाडं १८,०००. मदतीला दोन बायका, त्यांचे २०,०००. लाइट, पॅकिंग, पेट्रोल १४,०००. एकूण खर्च १,४८,०००, शिल्लक ३२,०००. दोघं खूश होती.

मी विचारलं, "ताई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर स्वयंपाकाला बाई कितीला मिळेल?" त्या म्हणाल्या, "बावीस हजाराखाली कोण येतंय?" दादांना विचारलं, "खरेदी, गल्ला आणि डबे पोचवायला माणूस ठेवला तर?" ते म्हणाले, "अठरा तरी." झाले चाळीस हजार. म्हणजे तो ३२,००० चा नफा नव्हता. दोघांच्या मजुरीतही दर महिन्याला आठ हजार कमी पडत होते. ताईंची कंबर दोन वर्षं दुखत होती, ती वेगळीच.

मग धंदा बंद करायचा का? अजिबात नाही. आम्ही दोन गोष्टी बदलून बघितल्या, आधी कागदावर. रविवार बंद आणि डबा ९० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले. गिऱ्हाइकाचं महिन्याचं बिल आधी २,४०० व्हायचं, आता २,३४०. दर वाढूनही बिल कमी! तरी समजा रविवारच्या अडचणीमुळे पाच गिऱ्हाइकं तुटली आणि ७० डबे राहिले. विक्री १,६३,८००. किराणा-भाजी-गॅस त्या प्रमाणात सुमारे ७७,७००. बाकीचे ५२,००० तसेच धरले तरी शिल्लक ३४,१००. आधीपेक्षा दोन हजारांनी जास्त, आणि महिन्याला चार दिवस सुट्टी. कोणीच तुटलं नाही तर शिल्लक ४०,३००, म्हणजे दोघांची मजुरी पूर्ण निघाली. हा हिशेब त्यांना आधी का सुचला नाही? कारण स्वतःचे कष्ट फुकट असले की रविवारची सुट्टी नेहमी नुकसानच वाटते.

काही जण म्हणतील, "सर, घरच्यांनी साथ द्यायचीच असते. घरात कसला हिशेब? हे आपले संस्कार नाहीत." मला हे म्हणणं समजतं, कारण मीही हेच म्हणायचो. सुरुवातीला घरच्यांच्या आधाराशिवाय मराठी माणसाचा छोटा धंदा उभाच राहत नाही, हेही खरं. पण आधार घेणं वेगळं आणि तो न मोजणं वेगळं. पगार देता येत नसेल तर देऊ नका, पण वहीत लिहा. 'बाबा, नऊ हजार, देणं बाकी.' ज्याचं देणं लिहिलेलं असतं, त्याच्याशी आपण वेगळं वागतो. त्याला डॉक्टरकडे न्यायचं आपल्या लक्षात राहतं.

आणि हा विचार काही बाहेरून आणलेला नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे पापड लाटणारीला तिच्या लाटण्याचे पैसे मिळतात. घरात बायका पापड पिढ्यान्‌पिढ्या लाटतच होत्या, पण लाटण्याला दर लागला तेव्हा त्याचा व्यवसाय झाला.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी. त्या दिवसभर राबायच्या आणि सावकाराच्या कर्जात असायच्या. त्यांच्या रांधण्याला धंदा मानून बँकेचं कर्ज मिळवून देणं, ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पुढे त्यांच्या कन्या डॉ. मेधा पुरव सामंत यांनी बँकेची नोकरी सोडून १९९३ मध्ये आपल्या पुण्यात अन्नपूर्णा परिवारचं काम सुरू केलं. तिथे कर्जाच्या जोडीने आरोग्याचं संरक्षणही आलं. मला त्यातली अक्कल मोठी वाटते. छोट्या माणसाचा धंदा गिऱ्हाईक नसल्याने जितका बुडतो, तितकाच घरातल्या एका आजारपणाने बुडतो.

तब्येतीचं अजून एक. आपल्याच वारज्यात १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. कर्करोगाच्या रुग्णांची तिथे विनामूल्य काळजी घेतली जाते आणि घरच्यांनाही शुश्रूषा कशी करायची ते शिकवलं जातं. म्हणजे शुश्रूषा हेसुद्धा शिकावं लागणारं काम आहे. त्याला एक माणूस लागतो आणि त्या माणसाचा वेळ लागतो. आई किंवा वडील आजारी पडले तर चार दिवस त्यांच्याजवळ बसता येईल, इतकी तरी सवड तुमच्या धंद्यात आहे का? नसेल तर तुम्ही मालक नाही, बिनरजेचे नोकर आहात. मी तेच होतो.

आता करायचं काय? या रविवारी एक तास काढा आणि एवढं करा.

पहिलं, घरातला जो जो माणूस धंद्यात हात लावतो, त्याचं नाव लिहा आणि समोर त्या कामाला बाहेरचा माणूस कितीला मिळेल ते लिहा. स्वतःचं नाव विसरू नका. मालकाने घेतलेला पैसा सीएच्या वहीत पगार म्हणून नाही, 'उचल' म्हणून दिसेल. कराचं त्यांना विचारा. ही वही तुमच्या डोळ्यांसाठी आहे.

दुसरं, धंद्याचं आणि घराचं खातं वेगळं करा. ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम घरच्या खात्यात टाका. पाच हजार असली तरी चालेल. गल्ल्यातून भाजीला पैसे काढणं बंद.

तिसरं, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा. हे हप्ते बँक खात्यातून परस्पर कापले जातात, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे ठेवा. पण यातून दवाखान्याचं साधं बिल भागत नाही, त्यासाठी आरोग्य विमा वेगळा घ्यावा लागतो. आणि रेशन कार्ड नीट करून ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ते लागतं. ऐन वेळी कार्डावरचं नाव दुरुस्त होत नाही.

चौथं, घरातल्या प्रत्येकाची तपासणीची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा. लाइट बिलाची लिहिता ना, तिच्याच शेजारी.

माझ्या दुकानातली वडिलांची जागा आता एका मुलाकडे आहे. त्याला पगार आहे आणि गुरुवारी सुट्टी आहे. वडील संध्याकाळी काठी घेऊन येतात, दहा मिनिटं बसतात, पेपर चाळतात आणि घरी जातात. पुढच्या बॅचपासून मी माझ्या पहिल्या वर्षाचा आकडा बदलून सांगणार आहे. तो ऐकायला तितका भारी वाटणार नाही. पण तुमचा धंदा त्या आकड्यावर उभा राहणार असेल, तर तो खरा असायला हवा.

तुमच्या वहीतलं पहिलं नाव कोणाचं आहे, ते आज घरी जाऊन त्यांनाच सांगा.