मोजणी हवी, पण नावांची यादी कुणाच्या हाती?

जातगणनेसाठी आपण रस्त्यावर उतरतो. मग एचआयव्ही आणि गुप्तरोगांच्या नोंदींबाबत एवढी गुप्तता कशासाठी, असा प्रश्न चळवळीतलेच काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे.

जातगणनेतून समूहाचा आकडा हाती येतो आणि त्या आकड्यावर हक्क मागता येतो. आयसीटीसी किंवा एआरटी केंद्राच्या नोंदीत मात्र एका माणसाचे नाव, पत्ता, फोन आणि त्याचे शरीरसंबंध असतात. ती नोंद फुटली तर त्याचे घर, काम आणि लग्न, तिन्ही धोक्यात येतात.

यादीची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना रजिस्टरात चढवले, हजेऱ्या लावल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला; पोलिसांचा संशय आजही भटक्या-विमुक्तांच्या पालावर येतोच. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा यांनी रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचली आणि त्यांना ६४ दिवस कोंडून ठेवले गेले. त्यांचा गुन्हा काय होता?

आज या याद्यांत कोण आहे? सेक्स वर्कर, तृतीयपंथी, स्थलांतरित मजूर. देवदासी म्हणून सोडलेल्या मुली कोणत्या जातींतून आल्या, हे वेगळे सांगायला हवे का? म्हणून गोपनीयता ही श्रीमंतांची चैन आहे असे म्हणणे आम्हाला मान्य नाही. श्रीमंत माणूस खासगी डॉक्टर गाठतो. वस्तीतल्या बाईला सरकारी खिडकीशिवाय पर्याय नसतो, आणि खिडकीपलीकडचा कर्मचारी कधी तिच्याच गल्लीतला असतो. भीती वाटली की ती तपासणीलाच येत नाही, औषध मध्येच सोडते.

कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेची, आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल, असे तो सांगतो. सेक्स वर्करना आधार देताना त्यांची ओळख उघड करणारा कोणताही कोड टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळे, जास्तीचे संरक्षण नाही. उलट केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. ज्या सत्तेपासून संरक्षण हवे, तिलाच सूट?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आधार नाही म्हणून तपासणी किंवा औषध अडू नये. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवावे. नोंद कुणी, कधी उघडली, हे रुग्णाला कळावे. लोकपालाचे नाव आणि फोन प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावावा. वरच्या कार्यालयाला आकडे द्यावेत, नावे नकोत. आणि हे नियम ठरवताना त्या यादीतली माणसे बैठकीत हवीत.

कार्यकर्त्यांनीही आपले मोबाईल तपासावेत. शिबिराची लाइन लिस्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, अहवालासाठी चेहऱ्यासह फोटो काढणे आजच थांबवा.

लैंगिक प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’च्या र. धों. कर्वे यांचा खटला १९३४ मध्ये बाबासाहेबांनी लढवला. ज्याला शरीराचा प्रश्न आहे त्याने तो निर्भयपणे विचारावा, एवढी हमी तरी आपण देणार की नाही?

जय भीम!