टूकनचा भाऊबंद कोण?

तिळारी-दोडामार्गकडे भटकून आलेली पोरं हमखास एक फोटो दाखवतात. मोठ्ठी पिवळी चोच, काळं-पांढरं अंग, आणि वर पुन्हा ऐटीत सांगतात, 'कोकणातला टूकन!' ग्रुपमध्ये कुणी सिंधुदुर्गातला असेल तर लगेच म्हणतो, "ह्यो टूकन नाय रे, माडगरूड आसा." बरोबरच बोलतो तो. पण बाकीच्यांना वाटतं हा नुसता नावाचा फरक. तिकडे टूकन, इकडे गरूड, पक्षी तोच. मित्रांनो, पक्षी तो नाहीच, पण घराणंसुद्धा ते नाही.

माडगरूड म्हणजे धनेश. धनेश राहतात आफ्रिकेत आणि आशियात ('लायन किंग'मधला झाझू धनेशच), टूकन मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. दोघांनाही फांदीच्या टोकाचं फळ बसल्या जागेवरून तोडायचं असतं, म्हणून दोघांकडे लांब चोच. काम सारखं, म्हणून हत्यार सारखं, एवढंच. टूकनचं खरं घराणं सुतारपक्ष्यांचं. आणि त्या घराण्यात आपल्याकडचा कोण बसतो? तांबट! हाच तो, दुपारभर झाडावर बसून 'टुक टुक टुक' असा हातोडा चालवणारा आणि पीएलमध्ये जीव नकोसा करणारा. मुठीत मावेल एवढा हा हिरवा प्राणी टूकनचा लांबचा चुलतभाऊ, आणि रुबाबदार माडगरूड मात्र परका.

हाडं आणि स्नायू बघणाऱ्यांना या नात्याचा सुगावा आधीच होता. पण १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या चार्ल्स सिब्ली आणि जॉन आल्क्विस्ट यांनी पक्ष्यांचे डीएनएच एकमेकांशी ताडून बघितले. पद्धत आपल्याला आवडेल अशी आहे. डीएनए तापवून त्याचे दोन धागे सुटे करायचे. एका पक्ष्याचा धागा दुसऱ्याच्या धाग्याशी जुळू द्यायचा. मग पुन्हा तापवायचं आणि ही जोडी किती तापमानाला सुटते ते मोजायचं. नातं जवळचं तर गाठ पक्की, सुटायला उष्णता जास्त. म्हणजे लॅबमधल्या टेस्टिंगसारखंच, फक्त नमुना सळईचा नाही, वंशाचा.

निकाल असा लागला की अमेरिकेतले तांबट आपल्या तांबटांपेक्षा टूकनना जास्त जवळचे. पुढे जनुकं अक्षर-अक्षर वाचता येऊ लागली, तरी उत्तर तेच आलं. मग जगभरच्या तांबटांचं एकत्र कुटुंब मोडावं लागलं. आशियाचे वेगळे, आफ्रिकेचे वेगळे, अमेरिकेचे वेगळे. आपल्या तांबटाचं आडनावही बदललं. सालिम अलींच्या पुस्तकात तो 'मेगालायमा' आहे, आता 'सायलोपोगॉन'. कारण मलेशिया-सुमात्रातला, चोचीच्या मुळाशी केसांचा झुपका असलेला एक तांबट आजवर वेगळ्या घरात ठेवला होता, तो जनुकांच्या हिशेबात मेगालायमांच्या मधोमध निघाला. दोन घरं एक केली की जुनं नाव राहतं, आणि 'सायलोपोगॉन' हे नाव जुनं होतं.

यावर आपल्याकडे ठरलेली तक्रार असते, "ह्या शास्त्रज्ञांना दुसरे धंदे नाहीत काय? पाठ केलेलं सगळं बदलतात." मला ही तक्रार चुकीची वाटते. कोकणातल्या माणसाला तरी हे सांगायला नको. सातबाऱ्यावर चुकीचं नाव लागलेलं असेल तर जुनं आहे म्हणून ते तसंच ठेवतो का आपण? पुरावा आणतो आणि फेरफार करून घेतो. (महसूल खात्याच्या इंग्रजीत फेरफाराला म्यूटेशन म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो.) फक्त पुरावा भक्कम पाहिजे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, तेव्हा तेवढ्यावर नवी जात जाहीर करणं म्हणजे फक्त आजोळच्या कागदावर वाटणी करण्यासारखं. खुद्द टूकनांत बघा. पश्चिम अमेझॉनमध्ये दोन टूकन रंगाने जवळजवळ हुबेहूब, पण एक मोठा आणि पिल्लू कुत्र्यासारखा केकाटणारा, दुसरा लहान आणि बेडकासारखा डरावणारा. ते एकमेकांचे सख्खे नाहीत. उलट लाल चोचीचे आणि काळ्या चोचीचे टूकन एकेकाळी वेगळे मानले, पण जिथे भेटतात तिथे सर्रास संकर होतो, आणि आता बहुतेक लोक दोघांना एकच जात धरतात. म्हणून जनुकांबरोबर आवाज, वागणूक, जागा हे सगळं बघायला माणूस रानात जायलाच हवा.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर आंबोलीला या. पूर्वी जगभरच्या किती तरी खडबडीत बेडकांना एकाच 'ब्यूफो' या पोत्यात भरलेलं होतं. कोयनेचा बेडूकही १९६३ मध्ये त्याच पोत्यात गेला. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं आणि शरीररचना दोन्ही तपासून दाखवलं की कोयनेचा आणि आंबोलीचा मिळून एक वेगळाच वंश आहे, पश्चिम घाटाबाहेर कुठेही नसलेला. त्याला 'झँथोफ्रायन' हे नाव दिलं. आणि आंबोलीचा, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला, स्वतंत्र जात म्हणून 'टायग्रिना' झाला.

नाव लागल्यामुळे काय फरक पडला? आययूसीएनच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून लागला. पोत्यातल्या बेडकाला कुणी यादीत घेत नाही. रस्ता रुंद करताना, सड्यावर बांधकामाची परवानगी मागताना आक्षेप घ्यायचा तर कागदावर जात लागते. 'एक प्रकारचा बेडूक' चालत नाही. सिव्हिलवाल्यांनो, उद्या ते रिपोर्ट आपल्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर येणार आहेत.

हा बेडूक पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, नेमकं आपली गँग बाईक काढून धबधब्याला निघते तेव्हाच. तेव्हा जूनमध्ये घाट चढल्यावर गाडी जरा हळू, आणि सड्यावर फोटो काढताना डबक्यात बूट बुडवू नका. पट्टेवाला दिसलाच तर खुशाल बघा, फक्त हात लावू नका.