अडकलेला आस आणि घणाचा मोह

रबरी चाकांची बैलगाडी अथवा ट्रॅक्टरची ट्रॉली पावसाळाभर उघड्यावर राहिली, म्हणजे तुंब्यात पाणी व चिखल शिरून बेअरिंगची आतली रिंग आसावर गंजून बसते. उसाची तोड तोंडावर आली असता ती निघेना, की पुष्कळ ठिकाणी घण उचलला जातो. ही रीत सर्वथा त्याज्य होय.

घणाने गंज सुटेलच असे नाही. आसाचे टोक मात्र फुगते, आटे बिघडतात व पुढे नट चढत नाही. बेअरिंगचे पोलाद कठीण परंतु ठिसूळ असल्याने त्याची कपची उडून डोळा जाण्याचे भय असते. ज्योतीने तापवावे, तर तेल-वंगण पेट घेते आणि पोलादाचे पाणी उतरण्याचा संभव असतो.

एका दिवसाचा खोळंबा परवडत नाही, असे म्हटले जाते. परंतु नवा आस बसविण्यात त्याहून अधिक दिवस मोडतात. म्हणून गाडी रिकामी करून, बैल सोडून, दुसऱ्या चाकास दगड लावावेत. केवळ जॅकवर न विसंबता आसाखाली भक्कम ठोकळा द्यावा. गंज घासून सांध्यात पातळ तेल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे व मग पुलरने सावकाश ओढावे.

पुलर प्रत्येकाने घेण्याचे कारण नाही. गावच्या सहकारी सोसायटीने एक ठेवल्यास सर्वांचे काम भागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याचा आग्रह धरावा. पावसाळ्यापूर्वी व नंतर तुंबा उघडून ताजे वंगण भरणाऱ्यास मात्र पुलरचीही गरज क्वचितच पडेल.