संशयाचा फायदा

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. घर एकत्र, माणसें चौदा, सासूसासरे दोघेही हयात. थोरला मुलगा कॉलेजांत जातो आणि रात्रीं कानांना यंत्र लावून अमेरिकेंतील ‘रॅप’ नांवाचा प्रकार ऐकत पडतो. एके दिवशीं यंत्राची जोडणी चुकून सुटली, ओटीवर मोठ्यानें आवाज झाला, आणि दोन-चार नको ते शब्द आजोबांच्या कानीं पडले. तेव्हांपासून घरांत दोन पक्ष झाले आहेत. भगिनी विचारतात, “हें ऐकूं द्यावें कीं बंद करावें? आपण इतकीं वर्षें मुलें शिकविलींत. आपला अभिप्राय कळवावा.”

खरें सांगावयाचें तर माझें उत्तर तयार होतें व तें दोन शब्दांचें होतें : बंद करावें. परंतु उत्तरपत्रिका न वाचतां गुण देणारा मास्तर आणि न ऐकतां निकाल देणारा वडील माणूस ह्यांत फारसा फरक नाहीं. म्हणून मुलगा नेमकें काय ऐकतो तें मीं विचारून घेतलें. ‘जे-झी’ नांवाच्या कवीचा ‘रीझनेबल डाउट’ हा पहिला अल्बम, असें कळलें. माझ्या पुतण्याच्या मुलाकडून तो मिळविला, गाण्यांचे शब्द छापील घेतले, व चार संध्याकाळ शब्दांवर बोट ठेवून ऐकला. त्याचा हा वृत्तांत.

प्रथम, रॅप म्हणजे गायन नव्हे. तालावर सोडलेलें सयमक भाषण, इतकीच त्याची व्याख्या करतां येईल. कीर्तनांतील कटाव ज्यांनीं ऐकला आहे, अमृतरायांची धांव ज्यांच्या कानांत आहे, त्यांना हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. ज्या हिप्-हॉप चळवळीचें हें अंग, तिचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ मानितात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील एका इमारतींत कूल हर्क ह्या तरुणानें बहिणीच्या मेजवानीसाठीं दोन फिरत्या तबकड्यांवर गाण्यांतील केवळ ठेक्याचा तुकडा पुनःपुन्हा वाजवून लोकांना नाचविलें. त्या ठेक्यावर बोलणारे पुढें कवि झाले.

जे-झीचें खरें नांव शॉन कार्टर. जन्म ४ डिसेंबर १९६९ चा, ब्रुकलिनमधला. ‘मार्सी हाउसेस’ ह्या सरकारी वसाहतींत तो वाढला. सहा-सहा मजल्यांच्या २७ इमारती, आणि त्यांत दाटीनें राहणारीं गरीब कुटुंबें. हा चार भावंडांत धाकटा. लहानपणींच वडील घर सोडून गेले. आईनें संसार ओढला. रात्रीं सर्वजण निजले असतां हा स्वयंपाकघरांतील टेबलावर ठेका धरून शब्द जुळवीत बसे व भावंडांची झोप मोडी. सहाव्या इयत्तेंतील एका शिक्षिकेनें आपल्याला भाषेची गोडी लावली, ती आपल्या वर्गाला स्वतःच्या घरीं घेऊन गेली होती, हें त्यानें मोठेपणीं कृतज्ञतेनें सांगितलें आहे. तें वाचून मी कांहीं वेळ थांबलों. त्याचें कारण शेवटीं सांगेन.

हायस्कुलाचा अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाहीं. ह्या सुमारास ‘क्रॅक’ नांवाचें कोकेनपासून केलेलें स्वस्त विष त्या वस्त्यांत शिरलें होतें, आणि हा मुलगा तें विकूं लागला. खिशांत वही बाळगण्यासारखा तो व्यवसाय नव्हे. सुचलेलीं कडवीं पिशवीच्या कागदावर खरडावीं, तेंही न जमल्यास मनांत घोकून ठेवावीं, असें करतां करतां त्याला कागदावांचून रचना करण्याची संवय जडली. पुढें ध्वनिमुद्रणासही तो हातांत कपटा न घेतां उभा राहूं लागला. पाठांतरावर वाढलेल्या माझ्या पिढीला ह्या एका गोष्टीचें तरी कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

मोठमोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांनीं त्याला घेतलें नाहीं. तेव्हां डेमन डॅश व करीम बर्क ह्या दोघां मित्रांसह त्यानें ‘रॉक-अ-फेला’ ही स्वतःची कंपनी काढली. रॉकफेलर ह्या धनाढ्य घराण्याच्या नांवावर केलेला हा श्लेष उघड आहे. भांडवल तुटपुंजें, आरंभींचा माल मोटारीच्या मागच्या कप्प्यांत भरून हे स्वतःच विकीत फिरले. वितरण दुसऱ्यांकडे, परंतु मालकी आपली, अशा बोलीवर २५ जून १९९६ रोजीं ‘रीझनेबल डाउट’ बाहेर पडला. अमेरिकेच्या विक्री-यादींत त्याची मजल २३ व्या क्रमांकापर्यंतच गेली. पण आज हिप्-हॉपचे जाणकार त्याची गणना त्या कलेच्या उत्तम कृतींत करितात. २००२ सालीं त्याला दहा लक्ष प्रतींचा ‘प्लॅटिनम’ दाखला मिळाला. आणि २०१७ सालीं गीतकारांच्या अमेरिकन सन्मान-मंडळांत प्रवेश मिळविणारा पहिला रॅप-कवि हाच ठरला.

आतां काव्याकडे वळूं. ‘ट्वेंटी-टू टूज’ ह्या गाण्यांत त्यानें ‘टू’ हा एक ध्वनि बावीस वेळां योजिला आहे. इंग्रजींत ह्या उच्चाराचे तीन शब्द : एकाचा अर्थ ‘दोन’, दुसऱ्याचा ‘कडे’, तिसऱ्याचा ‘सुद्धां’ किंवा ‘अति’. ध्वनि तोच, अर्थ निराळा, आणि पुनरावृत्ति सहेतुक. मम्मटानें यमकाचें जें लक्षण सांगितलें आहे त्यांत हें सर्व तंतोतंत बसतें. मोरोपंतांचीं यमकें फळ्यावर उलगडून दाखवितांना माझी जी तारांबळ उडे, ती मला ह्या वयांत एका ब्रुकलिनच्या मुलानें पुन्हा आणविली. ‘डेड प्रेझिडेंट्स’, म्हणजे ‘दिवंगत राष्ट्राध्यक्ष’, ही त्यांच्या बोलींतील लक्षणा. डॉलरच्या नोटांवर त्यांच्या तसबिरी असतात म्हणून नोटांनाच तें नांव. (दहाच्या नोटेवरील हॅमिल्टन व शंभराच्या नोटेवरील फ्रँक्लिन हे कधींच राष्ट्राध्यक्ष नव्हते, पण लक्षणेला इतका हिशेब लागत नाहीं.) ह्याच गाण्याच्या पालुपदांत नास ह्या दुसऱ्या कवीच्या १९९४ सालच्या रचनेंतील आवाज उचलून मध्यें बसविला आहे आणि त्याभोंवतीं नवीं कडवीं गुंफिलीं आहेत. ही चोरी म्हणावी काय? आपल्याकडे दुसऱ्याचा चरण घेऊन श्लोक पुरा करणें ह्याला समस्यापूर्ति म्हणत व राजसभेंत त्याबद्दल शालजोडी मिळे.

तथापि आनंदवर्धनानें एक इशारा देऊन ठेविला आहे : यमकाच्या मागें लागलेल्या कवीचें सारें अवधान शब्दांत अडकतें व रस हातचा निसटतो. बावीस ‘टू’ ऐकून मला हाच अनुभव आला. टाळी वाजली, मन हललें नाहीं. हललें तें ‘डेव्हिल्स’ ह्या गाण्यानें. नांवाची फोड अशी केली आहे कीं त्यांतून ‘दुष्कृत्यें’ व ‘सैतान’ असे दोन्ही अर्थ निघावे. बाळपणीं एकत्र खेळलेले दोन मित्र. पैसा मधें येतो. एक दुसऱ्याचा माग काढण्यासाठीं त्याच्या मुलाच्या आईला धरून आणतो व नोटांचें आमिष दाखवून तिला बोलतें करतो. बोलणारा स्वतःच तो अपराधी आहे. आपला लोभ वाढतो आहे हें तो पाहतो, आणि थांबत नाहीं. येथें यमक आहे, पण तें दिसत नाहीं. दिसतो तो अधःपात.

आतां आजोबांची बाजू. ती दुबळी नाहीं. ह्या अल्बमांत अपशब्द विपुल आहेत. स्त्रियांविषयीं ठिकठिकाणीं जी भाषा वापरली आहे ती कोणत्याही घरांत शोभणार नाहीं, मग तें घर पुण्याचें असो वा ब्रुकलिनचें. हिरेमाणकें, मद्यें, मोटारी ह्यांची फुशारकी कंटाळा येईपर्यंत आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट : जें विष ह्यानें विकलें तें त्याच्याच शेजाऱ्यांच्या घरांत गेलें. ‘परिस्थिति वाईट होती’ एवढें म्हणून तें धुऊन निघत नाहीं. परिस्थिति वाईट होती हेंही तितकेंच खरें. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानें ५ ग्रॅम क्रॅकला किमान ५ वर्षांची कैद ठरविली. तीच कैद साध्या कोकेनच्या भुकटीला होण्यास ५०० ग्रॅम सांपडावे लागत. गरिबाच्या विषाला शंभरपट कडक माप! २०१० सालीं तें प्रमाण अठरापटींवर आलें. पण कायदा अन्यायी असल्यानें विष अमृत होत नाहीं. दोन्ही गोष्टी एकदम मनांत ठेवणें कठीण असतें, आणि ह्या अल्बमाचें सामर्थ्य असें कीं तो ऐकणाऱ्याला त्या दोन्ही ठेवावयास लावतो.

त्याचें नांवच पाहा. ‘रीझनेबल डाउट’ हा न्यायालयांतील शब्द. अपराध सकारण संशयाच्या पलीकडे सिद्ध झाला नाहीं तर आरोपीस संशयाचा फायदा मिळतो. कवि स्वतःच पिंजऱ्यांत उभा आहे आणि श्रोत्याला पंच नेमतो. मूळ अल्बमांतील शेवटचें गाणें ‘रिग्रेट्स’, म्हणजे पश्चात्ताप. त्यांत आईचें दुःख आहे, गमावलेल्या मित्राची आठवण आहे. कवि क्षमा मागत नाहीं. ही टोचणी घेऊनच जगावयाचें, एवढेंच म्हणतो. अल्बमांत त्याच्या बरोबरीनें एका गाण्यांत म्हणणारा ‘नोटोरियस बी. आय. जी.’ हा ब्रुकलिनचाच कवि, वर्ष उलटण्यापूर्वीं, ९ मार्च १९९७ रोजीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं गोळी लागून मेला. त्या वस्त्यांत पश्चात्तापाला वेळ मिळणें हेंही सर्वांच्या नशिबीं नव्हतें.

एकत्र कुटुंबांतील वाचकांस रुचेल असा एक उपसंहार ह्या कथेला आहे. तिघां मित्रांनीं मोठ्या हौसेनें मालकी आपल्याकडे ठेविली. पुढें कंपनीचा धंदा १९९७ सालीं अर्धा व २००४ सालीं उरलेला डेफ जॅम ह्या मोठ्या कंपनीकडे गेला. हा पहिला अल्बम मात्र तिघांच्या सामायिक मालकींत राहिला. २०२१ सालीं डॅश ह्याजवर फिर्याद झाली कीं तो अल्बमांतील आपला हिस्सा परस्पर विकूं पाहतो. २०२२ सालीं तडजोड झाली ती अशी : कंपनींतील आपला तिसरा हिस्सा ज्यानें त्यानें विकावा, पण अल्बम एकट्याचा नव्हे, त्याला कोणीं हात लावूं नये. नोव्हेंबर २०२४ मध्यें देण्यापायीं डॅशचा तो हिस्सा न्यायालयाच्या हुकुमानें लिलावांत निघाला. सामायिक विहिरीच्या पाण्यावरून आपल्या गांवीं काय काय झालें हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी अधिक काय सांगूं? स्वतंत्र होणें सोपें. स्वतंत्र राहून एकत्र राहणें अवघड.

आतां निकाल. भगिनींनीं तो ऐकूं द्यावा, परंतु दोन अटींवर. पहिली : ओटीवर, लहान मुलांच्या व वृद्धांच्या देखत नाहीं. हें विटाळाचें कारण नव्हे, मर्यादेचें आहे. दुसरी अट मोलाची : मुलानें एक गाणें, बापुडें एकच, निवडून त्याचे शब्द, त्याचीं यमकें व त्याचा अर्थ आजोबांस बसून समजावून द्यावा. ‘डेव्हिल्स’ निवडल्यास उत्तम. त्याला अर्थ सांगतां आला, तर तो विष न पितां त्याची परीक्षा करतो आहे असें समजावें. नाहीं सांगतां आला, तर त्याला स्वतःलाच कळेल कीं आपण केवळ डोकें हलवीत होतों. बंदी घातल्यास ह्यांतील कांहींच कळणार नाहीं. कानांतील यंत्र तेवढें अधिक खोल जाईल.

मघाशीं थांबलों होतों तें सांगतों. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बोटांनीं ठेका धरून तो माझ्यावरच कडवीं जुळवी. मीं त्याला वर्गाबाहेर उभा केला. एकदां नव्हे, जवळजवळ वर्षभर. पुढच्या जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं. कोठें गेला ह्याची चौकशी कोणीं केली नाहीं. मींही केली नाहीं. आज त्याचें एक कडवें मला शब्दशः आठवतें. त्यांत माझ्या नांवावर जें यमक साधलें होतें तें निर्दोष होतें, आणि हें मला त्या दिवशींही कळलें होतें. ब्रुकलिनच्या त्या शिक्षिकेनें अशा मुलाला घरीं नेलें. मीं व्हरांड्यांत उभा केला.

म्हणून, ताई, आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि एवढेंच कळवा कीं निकाल देण्यापूर्वीं आरोपीचें म्हणणें पुरें ऐकून घ्यावें. संशयाचा फायदा पुष्कळदां आरोपीपेक्षां न्यायाधीशालाच अधिक होतो.