‘वर्ण’ नावाचा रकाना

मराठी घरात मुलीच्या रंगाची चर्चा तिच्या जन्माआधीच सुरू होते. गरोदर सुनेला केशर घातलेले दूध दिले जाते, ते बाळ गोरे व्हावे म्हणून. बारशाला आलेल्या बायका पाळण्यात डोकावून ‘रंग बापावर गेलाय’ म्हणतात आणि त्यातला सूर सगळ्यांना कळतो. तेरा-चौदाव्या वर्षी ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ हे रोजचे होते. लग्नाच्या बायोडेटात उंची, रास, नाडी यांच्या रांगेत ‘वर्ण’ हा रकाना येतो आणि त्यात ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ यांपैकी काहीतरी भरले जाते. सावळ्या मुलीचाही तिथे बहुधा ‘गव्हाळ’च होतो. सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडणारी माणसे सुनेच्या बाबतीत मात्र एकदम चोखंदळ होतात.

जाहिरातवाल्यांनी ही भीती निर्माण केली नाही. ती तयारच होती, त्यांनी तिला ट्यूबमध्ये भरले. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आली. तिच्या जाहिरातींची गोष्ट ठरलेली असे: सावळी मुलगी, नकार, क्रीम, आणि मग स्थळ किंवा नोकरी. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या तक्रारींनंतर त्यांतील काही जाहिराती 2003 मध्ये पडद्यावरून उतरल्या. वेष्टनावर एकाच बाईचे दोन चेहरे आणि रंगछटांची पट्टीही असे. पट्टीशी स्वतःचा रंग ताडून पाहायचा आणि आपण किती पायऱ्या चढलो ते मोजायचे. ही पट्टी आणि ते दोन चेहरे कंपनीने 2019 मध्ये काढले, 2020 मध्ये नावातले ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने, परदेशस्थ भारतीय स्त्रियांनी आवाज उठवल्यावर, कातडीच्या रंगानुसार स्थळे चाळण्याची सोय बंद केली.

नियमही झाले. जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये ठरवले की सावळी व्यक्ती लग्नात किंवा नोकरीत कमी पडते असे दाखवायचे नाही, आणि क्रीम लावण्याआधीचा चेहरा उदास दाखवायचा नाही. त्यानंतर ‘गोरेपणा’ मागे पडला. ‘ग्लो’, ‘ब्राइटनिंग’, ‘टॅन रिमूव्हल’ पुढे आले. माल तोच, पाटी नवी. मालिकांचेही असेच. ‘रंग माझा वेगळा’ ही मराठी मालिका 2019 मध्ये सुरू झाली ती सावळ्या नायिकेची गोष्ट म्हणून. तिच्यासाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीचा चेहरा मेकअपने सावळा केला गेला. आजीबरोबर ती पाहणाऱ्या नववीतल्या मुलीला मालिकेचा उपदेश ऐकू येई आणि निर्मात्यांची निवडही दिसे. त्यातले काय मनात राहिले हे सांगायला नको.

आजच्या किशोरीचा संबंध मात्र दूरचित्रवाणीपेक्षा हातातल्या फोनशी जास्त आहे. अनेक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्यूटी मोड’ विकत घेतानाच चालू असतो. तो कातडी गुळगुळीत करतो, गाल किंचित आत घेतो आणि रंग उजळवतो. मुलगी रोज तोच चेहरा पाहते आणि आरशातला तिला चुकीचा वाटू लागतो. फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे 2021 मध्ये उघड झाली. ज्या किशोरींना स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होते, त्यांतील 32 टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे अधिक वाईट वाटते असे सांगितल्याची नोंद त्यांत होती. या वाक्यातला ‘आधीच’ महत्त्वाचा आहे. ते आधीचे बहुतेक वेळा घरात, वर्गात, नात्यातल्या लग्नात साठलेले असते.

खरा धोका मुलगी क्रीम विकत घेते तिथे सुरू होतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या क्रीमने फारसे काही होत नाही, म्हणजे फायदाही बेताचाच. पण मेडिकलच्या दुकानात, पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारी ‘आठ दिवसांत फरक’ वाली क्रीम दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात स्टिरॉइड असते: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. सुरुवातीला चेहरा खरेच उजळतो, म्हणूनच मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे ट्यूब जाते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येते, चेहऱ्यावर लव वाढते. थांबवले की सगळे उसळून येते, मग मुलगी घाबरून पुन्हा तेच लावते. केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टिरॉइड असलेली 14 मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ती मागितली की मिळतात.

दुसरा प्रकार पाऱ्याचा. पारा कातडीतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून उजळपणा झटपट दिसतो. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासात त्याचा माग एका स्थानिक क्रीमपर्यंत लागला. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 15 रुग्ण सापडले, त्यांतील 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. अशा क्रीममध्ये तो मुद्दाम घातलेला असतो.

म्हणून मुलीला मदत करायची तर पहिले काम मोठ्यांच्या जिभेवर आहे. रंगावरून चिडवणे, भावंडांत तुलना करणे, ‘रंग सोडला तर छान आहे’ अशी शाबासकी देणे थांबल्याशिवाय फोन काढून घेण्याला अर्थ नाही. काढून घेतलेला फोन मैत्रिणीकडे असतोच. मुलग्यांसमोरही हे बोलायला हवे, कारण वर्गात ‘काळे’ म्हणून हाक मारणारे बहुधा तेच असतात.

दुसरे काम एकत्र पाहण्याचे. खिडकीच्या उजेडात ब्यूटी मोड चालू आणि बंद ठेवून दोन फोटो काढले की कॅमेऱ्याचा हात कुठे फिरतो हे मुलीला स्वतःच दिसते. भाषण लागत नाही. रीलमध्ये ताई क्रीम लावत असेल तर खाली ‘पेड पार्टनरशिप’ लिहिले आहे का, तिच्या डोक्यावर रिंगलाइट आहे का, ‘आधी’चा फोटो कोणत्या उजेडातला आहे, हे विचारता येते. चौदा वर्षांच्या मुलींना फसवणूक पकडायला आवडते आणि त्या मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात.

तिसरे काम ट्यूब उलटी करून वाचण्याचे. घटकांची यादी, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना, कंपनीचा पूर्ण पत्ता आणि मुदत यांपैकी काहीही नसेल तर ती वस्तू चेहऱ्यावर जाऊ नये. पार्लरमधून सुट्या डबीत भरून मिळणारी क्रीम याच कारणाने बाद. घटकांत ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारे औषधी नाव दिसले तर स्टिरॉइडचा संशय धरावा.

मुलगी आधीच काही लावत असेल तर ओरडून ट्यूब कचऱ्यात फेकण्यात दुहेरी तोटा आहे: ती पुढची लपवून आणेल आणि डॉक्टरांना तपासायला काही उरणार नाही. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. स्टिरॉइड कसे थांबवायचे ते त्यांनीच ठरवायचे असते. लेबल नसलेले क्रीम मात्र त्याच दिवशी बंद करावे. पायांवर सूज किंवा लघवीला न जिरणारा फेस दिसत असेल तर लघवीतील प्रथिनांची तपासणी लगेच करून घ्यावी; तीच डबी घरात आई किंवा बहीणही वापरत असेल तर त्यांचीही.