घोडनदीच्या काठाला धनी हवा



आहुप्याच्या डोंगरात घोडनदी उगम पावते. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तिच्या काठचे झाड तोडायला माणूस दहादा विचार करतो. तीच नदी डिंभे धरण ओलांडून घोडेगाव, कळंब करीत आमच्या पारगावला येते, तेव्हा तिच्या काठाला कुणी वाली उरत नाही.

कागदावर धनी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 20 सांगते की नदीचे पात्र सरकारचे. म्हणजे अभयारण्यातले जंगल जितके सार्वजनिक, तितकेच हे पात्रही. पण पाणी पाहायचे जलसंपदा विभागाने, वाळू महसूल खात्याने, आणि सांडपाणी सोडणार ग्रामपंचायती. करंज-उंबराची रांग तुटली, दरड ढासळली, तर विचारायचे कुणाला? भाऊबंदाने वीतभर बांध कोरला तर आपण तहसील गाठतो. नदी दरवर्षी कोरली जाते, तिच्या वतीने अर्ज करायला कुणी जात नाही.

यातला अन्याय मला जास्त खुपतो. 1985 साली अभयारण्य झाले, त्याचे निर्बंध वरच्या महादेव कोळी वस्त्यांनी सोसले. डिंभ्याच्या पाण्याखाली जमिनी गेल्या त्याही वरच्याच गावांच्या. त्या पाण्यावर ऊस पिकवला आम्ही खालच्यांनी. आता डिंभ्याचे पाणी माणिकडोह धरणात नेणाऱ्या बोगद्याचा विषय निघाला की आम्ही थेंबाथेंबाचा हिशेब मागतो, आणि मागायलाच हवा. मग हातभर काठ राखायची वेळ आली की आमची जबाबदारी कुठे जाते?

अमेरिकेने 1968 साली निवडक नद्यांसाठी कायदा केला. त्यात घेण्यासारखी गोष्ट एकच: नदीलगतची जमीन कितीही खात्यांची असो, त्या नदीपट्ट्याचा व्यवस्थापन आराखडा एकच असतो. आपल्याकडे नदीकाठच्या उद्योगांवर निर्बंध घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण होते, तेही 2015 साली रद्द झाले. त्या जागी निदान घोडनदीपुरता, आहुप्यापासून तालुक्याच्या हद्दीपर्यंतचा एक आराखडा जिल्हाधिकाऱ्यांनी करावा.

काठ राखायचा म्हटले की शेतकरी बिथरतो, जमीन जाईल म्हणतो. सातबाऱ्यावरच्या एका गुंठ्याला हात लावा, असे मी म्हणत नाही. सातबारा जिथे संपतो तिथून पुढचे बोलतो आहे. मुळांनी काठ धरून ठेवणारी झाडी गेली की पुरात आधी आपलीच माती वाहून जाते, हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मात्र ही राखण नुसती खात्याच्या हाती देऊ नये. वनहक्क कायदा, 2006 ने सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. जंगलाला जे तत्त्व लागू, ते पात्रालगतच्या सरकारी पट्ट्याला का नको? वाळूचा लिलाव ठरवण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, आणि त्या महसुलातला वाटा काठाच्या लागवडीला द्यावा.

पहिले काम मोजणीचे. उन्हाळ्यात पात्र उघडे पडते तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयाने दोन्ही तीरांवर हद्दीचे दगड रोवावेत. सुरुवात पारगावच्या शिवारापासून केली तरी आमची हरकत नाही.

— एक शेतकरी, पारगाव (ता. आंबेगाव, जि. पुणे)