सनस्क्रीन आणि गाबोळी

जलशिबिराला निघताना आम्हा कॅडेट्सना सामानाची जी यादी मिळते, तिच्यात टूथपेस्टच्या खाली 'सनस्क्रीन : १ ट्यूब' असे असते. ही ओळ बदलावी, असे माझे मत आहे. पण आधी एक कबुली देते.

मागच्या शिबिरात नावा वल्हवण्याआधी आम्ही सगळ्यांनी तोंडाला, मानेला, हातांना भरपूर क्रीम चोपडले. नंतर त्याच अंगाने पोहायला उतरलो. धक्क्याजवळच्या संथ पाण्यावर तेलकट तवंग आला होता. तो पाहून आम्ही हसलोसुद्धा. माझ्या हातातले क्रीमचे रिकामे पाऊच पाण्यात पडले, ते मी उचलले नाही. फॉल-इनला उशीर होईल, असे मनाला सांगितले. खरे तर चांगली पाच मिनिटे हातात होती.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला आजीकडे गेले. आजीने गाबोळी तळली आणि नेहमीप्रमाणे पहिला वाटा माझ्या ताटात वाढला. "खा गो चेडवा, ताकद येता." दुपारी किनाऱ्यावर गेले, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला स्नॉर्केलिंगला निघालेले पर्यटक होडीत बसून तेच क्रीम फासत होते. आमच्या शिबिराची आठवण झाली आणि गाबोळीचीही. गाबोळी म्हणजे माशाची अंडीच की!

अकरावीला जीवशास्त्र घेतल्यामुळे वाचायची सवय लागली आहे. सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन ही रसायने तेलात विरघळणारी आहेत. म्हणून ती घामाने पटकन धुपत नाहीत आणि म्हणूनच पाण्यात गेल्यावर माशाच्या चरबीत जाऊन बसू शकतात. स्वित्झर्लंडच्या नद्यांतल्या ट्राउट माशांमध्ये ऑक्टोक्रायलीन सापडल्याचे २००६ सालीच प्रसिद्ध झाले. तिथे समुद्र नाही. सांडपाणी मात्र आहे. म्हणजे परेडनंतर आपण बाथरूममध्ये अंग धुतो, तेही या हिशेबात धरायला हवे.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. माझे ते पाऊच उन्हात, लाटांत झिजत, तुटत जाईल आणि त्याचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान होतील. त्यांना नॅनोप्लास्टिक म्हणतात. प्लास्टिकलाही तेलकट रसायने चिकटतात. त्यामुळे हा कण नुसता कण राहत नाही, तो रसायनांचे वाहन होऊ शकतो.

२०१८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी झेब्राफिश माशांना आठवडाभर नॅनोप्लास्टिक मिसळलेले अन्न दिले. (हा बोटाच्या पेराएवढा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. आता जगभरच्या प्रयोगशाळांत असतो.) पुढे त्यांच्या पिल्लांची तपासणी केली, तर कण पिल्लांच्या बलकाच्या पिशवीत होते. पिल्लाने अजून पहिला घासही घेतला नव्हता. आईने शिदोरी म्हणून जे दिले, त्यातच ते आले होते. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आजीचा पहिला वाटा डोळ्यांपुढे आला.

प्रयोगशाळेत कणांचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवतात, हे मला मान्य आहे. माझा रूममेटसारखा भांडणारा वर्गमित्र म्हणतो, "कारखान्यांची घाण नदीत जाते, तुझ्या एका ट्यूबने काय होणार?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पण कारखान्याची यादी आपण करत नाही, शिबिराची करतो. पलाऊ हे पॅसिफिकमधले चिमुकले बेटराष्ट्र, त्याने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळांना घातक ठरणारी सनस्क्रीन बंद केली. हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेल्यांची विक्री थांबवली. 'एका ट्यूबने काय होणार' असे म्हणून ते थांबले नाहीत.

ऊन सोसा, असे मी कुणालाच सांगत नाही. भाजलेली मान घेऊन वल्हवणे काय असते, ते मला ठाऊक आहे. पण पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंतचा पोहण्याचा टी-शर्ट आणि कडेची टोपी घातली, तर क्रीम फक्त तोंडाला आणि हातापायांच्या उघड्या भागालाच लागते. टी-शर्ट तीन-चार शिबिरे टिकतो, ट्यूब एका शिबिरात संपते. पालकांनी खर्चाचाही हिशेब करून पाहावा. एवढेच की तो टी-शर्ट सुती असला तर बरे, कारण पॉलिएस्टर धुतानाही धागे सोडतो. सुती मात्र ओला झाल्यावर जड होतो, हे इन्स्ट्रक्टर सर सांगतीलच. त्यावर त्यांचेच ऐकावे.

यादीत 'पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट : २' लिहावे आणि पाऊचऐवजी वर्गाला एकच मोठी बाटली द्यावी, असा अर्ज मी दिला आहे. धक्क्यावर एक कचऱ्याची पिशवी बांधायचीही विनंती केली आहे. ती रोज रिकामी करायचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.

आजीला फोनवर हे सगळे सांगितले. तिने एकच विचारले, "मगे गाबोळी खावची की नाय?" खायची, असे मी म्हटले. पुढच्या सुट्टीत पहिला वाटा तिच्या ताटात मी वाढणार आहे.